मळभ, सेरोटोनिन आणि ओट्यापाशी किती उजेड?

हवामान खात्याच्या तारखांप्रमाणे मुंबई परिसरात पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. मधल्या चार महिन्यांत काही बायकांचं दरवर्षी एकच होतं. गजर तीनदा बंद होतो, दुपारी पुन्हा डोळा लागतो, हात सारखा पावाकडे नाहीतर गोडाकडे जातो, मैत्रिणीचा फोन वाजत राहतो आणि उचलवत नाही. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की आठ-दहा दिवसांत माणूस पूर्ववत. घरचे याला आळस म्हणतात, आणि पुष्कळदा ती बाईही तेच म्हणते.

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं नीट वर्णन अमेरिकेत नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. तिकडच्या दवाखान्यांत अशा रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांच्या तीन-चार पट आढळत आलं आहे. तिकडे कारण आहे हिवाळ्याचा आखूड दिवस. कोपनहेगनला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. ठाणे १९ अक्षांशावर आहे, इथे सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा आणि जूनमधला सव्वातेरा. त्यामुळे इथे घड्याळातले तास मोजून काही हाती लागत नाही. ढगांनी आणि घराच्या भिंतींनी किती उजेड खाल्ला, ते मोजायचं.

आधी महिना शोधा, मग कारण

एका वहीत बारा महिने आडवे मांडा आणि मागच्या दोन वर्षांचं आठवून लिहा. आठवत नसेल तर फोनमधले फोटो, ऑफिसच्या रजा, ब्लाउज घट्ट झाल्याचा महिना असे धागे पकडा. मग सहा गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण द्या: ऋतूप्रमाणे झोपेची लांबी किती बदलते, लोकांत मिसळणं, मनःस्थिती, वजन, भूक, आणि अंगातला उत्साह. काहीच बदल नाही म्हणजे ०, टोकाचा बदल म्हणजे ४. ही रोझेनथाल यांच्याच गटाच्या प्रश्नावलीची पद्धत आहे. बेरीज ११ किंवा जास्त आली आणि या बदलांचा रोजच्या कामाला बऱ्यापैकी त्रास होत असेल, तर डॉक्टरांशी बोलण्याइतकी ती बाब गंभीर आहे. निदान मात्र या बेरजेवर होत नाही. त्यासाठी लागोपाठ किमान दोन वर्षं त्याच ऋतूत नैराश्य येणं आणि ऋतू सरल्यावर ते पूर्ण जाणं, हे डॉक्टर तपासतात.

इथे तीन ठिकाणी गफलत होते.

एक, पाळी. त्याच वहीत पाळीच्या तारखा लाल पेनाने टाका. मन पाळीच्या आधीच्या आठवड्यात पडतं आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उठतं, असं बाराही महिने दिसलं तर तो पाळीपूर्व त्रास आहे, ऋतूचा नाही. दोन्ही एकत्रही असतात. पावसाळ्यात तो आठवडा जास्त खोल जातो, एवढाच फरक दिसतो. दोन महिन्यांची नोंद असल्याशिवाय हे वेगळं करता येत नाही, आठवणीवर तर अजिबात नाही.

दोन, मे महिना. काहींना त्रास पावसात नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात होतो, आणि तोही उलटा: झोप उडते, जेवण जात नाही, वजन उतरतं, चिडचिड वाढते. हा उन्हाळी प्रकार वेगळा आहे. त्याला जास्त उजेडाचा उपाय लावला तर बिघडण्याचीच शक्यता. त्यात थंड, काळोखी खोली आणि झोप सांभाळायची असते.

तीन, थायरॉइड आणि रक्तक्षय. थायरॉइड मंदावलं तरी झोप, वजन आणि मरगळ हीच तीन लक्षणं. पण ते पाऊस संपल्यावर जात नाही. त्याबद्दल पुढे.

सेरोटोनिनचं काय

सेरोटोनिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं, मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन. औषधाच्या दुकानात आणि मोबाइलवर ‘सेरोटोनिन वाढवा’ म्हणणारं बरंच काही विकायला असतं. ते घेण्याआधी या पदार्थाचा कारभार कसा चालतो ते समजून घेतलं तर पैसे वाचतात.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तात ते प्लेटलेट्समध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांमध्ये, भरलेलं असतं. मेंदूला स्वतःचं वेगळं बनवावं लागतं, कारण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूच्या वेशीतून आत जात नाही. म्हणून केळं खाऊन मन उठत नाही. केळ्यात सेरोटोनिन आहे हे खरं, पण ते वेशीबाहेरच राहतं. म्हणूनच रक्तातली सेरोटोनिनची तपासणी नैराश्यासाठी करू नये. ती आतड्याच्या विशिष्ट गाठी शोधायला वापरतात. मनासाठी तिचा आकडा काही सांगत नाही.

मेंदूत ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून दोन टप्प्यांत बनतं. पहिल्या टप्प्याच्या एन्झाइमला लोह लागतं, दुसऱ्याला बी-६ जीवनसत्त्व. बनलेलं सेरोटोनिन दोन पेशींमधल्या फटीत सोडलं जातं आणि काम झाल्यावर ट्रान्स्पोर्टर नावाचा पंप ते परत ओढून घेतो. पंप जास्त असले तर फटीत कमी उरतं.

उजेडाशी याचा संबंध तीन बाजूंनी दिसला आहे. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या शिरेतून, म्हणजे मेंदूतून परतणारं, रक्त घेतलं. मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी होती आणि त्या-त्या दिवशी किती ऊन होतं त्याप्रमाणे ती कमीजास्त होत होती. कोपनहेगनमध्ये २०१६ मध्ये ऋतुनैराश्य असलेल्या लोकांच्या मेंदूत हिवाळ्यात पंप वाढलेले दिसले. आणि १९९० च्या दशकात, प्रकाशोपचाराने, म्हणजे रोज ठरावीक वेळ प्रखर दिव्यासमोर बसून, बऱ्या झालेल्या रुग्णांना ट्रिप्टोफॅन नसलेलं पेय दिलं तेव्हा अनेकांची लक्षणं काही तासांत परतली. हा तिसरा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो: उजेडाने जे बरं होतं, त्याला सेरोटोनिनचा आधार लागतो.

बायकांचं काय? वरचे १०१ जण पुरुष होते, ही वैद्यकातली जुनी खोड. पण १९९७ मध्ये माँट्रियलमध्ये मेंदूचे स्कॅन करून सेरोटोनिन बनण्याचा वेग मोजला, तेव्हा पुरुषांमध्ये तो बायकांपेक्षा सरासरी ५२ टक्के जास्त निघाला. त्या पाहणीत लोक थोडेच होते, आणि कमी वेग म्हणजे आजार नव्हे. त्यात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा चढउतार सेरोटोनिनच्या उत्पादनावर आणि पंपावर परिणाम करतो, म्हणून पाळीपूर्वी, बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात ही व्यवस्था आधीच डळमळीत असते. त्यातच उजेड कमी झाला की तोल जायला वेळ लागत नाही.

तरीही ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ असं सरळ समीकरण मांडू नका. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यात त्या समीकरणाला सातत्याने पुरावा मिळाला नाही. ऋतुनैराश्यात शरीराचं झोप-जागेचं घड्याळ, मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक आणि इतर रसायनंही गुंतलेली आहेत. व्यवहारात यातून एवढंच निघतं की सेरोटोनिन बाहेरून ओतता येत नाही. उजेड, वेळ, लोह, झोप आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, एवढेच दोर आपल्या हातात येतात.

घरातला उजेड मोजा

फोनमध्ये लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप, मोजणारं ॲप घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये प्रकाशाचा सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तिथे कव्हरची कड किंवा बोट येऊ देऊ नका. फोन दिव्याकडे रोखायचा नाही. डोळ्यांच्या उंचीवर, तुमचं तोंड जिकडे असतं तिकडे स्क्रीन करून धरायचा, कारण आपल्याला दिव्याचा नाही, डोळ्यात शिरणारा उजेड मोजायचा आहे. आकडा दहा-वीस टक्क्यांनी चुकला तरी चालेल, इथले फरक शेकडो पटींचे आहेत.

सकाळी साडेसात, दहा आणि दुपारी एक अशा वेळी, पावसाच्या दिवशी, चार जागा मोजा: ओट्यापाशी, हॉलमध्ये नेहमीच्या खुर्चीत, खिडकीला खेटून, आणि गॅलरीत किंवा गच्चीच्या दारात. ढोबळ अंदाज असा: ट्यूबलाइटच्या खोलीत १०० ते ३००, चांगल्या ऑफिसात ३०० ते ५००, दाट मळभ असताना उघड्यावर १,००० ते १०,०००, आणि लख्ख उन्हात १,००,००० च्या आसपास. पावसाळी दुपारसुद्धा घरातल्या ट्यूबपेक्षा पंधरा-वीस पट उजळ असू शकते. डोळा जुळवून घेतो म्हणून तो फरक जाणवत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. शरीराचं घड्याळ पुढे आणण्यासाठी, म्हणजे झोप आणि जाग लवकर येण्यासाठी, सर्वांत मोलाची वेळ म्हणजे उठल्यानंतरचे पहिले दोन तास, आणि नेमके ते दोन तास ठाण्यातल्या बऱ्याचशा बायका घरातल्या सर्वांत काळोख्या जागी काढतात. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, खिडकी डक्टकडे उघडणारी, तिच्यात एक्झॉस्ट पंखा बसवलेला. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की कोपरखैरण्यातली, मजले चढवून गल्लीवर झुकलेली घरं, ओट्यापाशी १०० लक्ससुद्धा भरत नाहीत. नवरा हॉलच्या खिडकीत पेपर वाचत हजार लक्स घेतो आणि त्याला त्याची खबरही नसते.

उपचारात वापरतात तो हिशेब असा: १०,००० लक्स अर्धा तास, किंवा ५,००० लक्स एक तास, किंवा २,५०० लक्स दोन तास. घरातल्या जागेचा आकडा हाती आला की या हिशेबात बसवून पाहा. खिडकीला खेटून साडेआठला २,५०० येत असतील, तर दिवा विकत घ्यायची गरजच नाही. पालेभाजी निवडणं, लसूण सोलणं, कणकेचे गोळे, चहा, मुलाचा गृहपाठ, लॅपटॉपवरची पहिली मीटिंग, ही बसून करायची कामं तिथे न्यायची. खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरात हवी आणि तोंड उजेडाकडे. दोन मीटर आत सरकलात की आकडा एक दशांशावर येऊ शकतो. मोजून पाहा, स्वतः पाहिल्याशिवाय हे पटत नाही.

मग खिडकीचं काय झालं आहे ते बघा. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रिलवर निळी ताडपत्री बांधतात ती उजेडाची सर्वांत मोठी मारेकरी. पावसाचा झोत येणाऱ्या बाजूलाच, म्हणजे बहुधा नैऋत्येला आणि पश्चिमेला, तिची गरज असते. पूर्वेची खिडकी मोकळी ठेवता येते, किंवा तिथे पारदर्शक फायबरचा पत्रा लावता येतो. काचेवरची काळी फिल्म अर्ध्याहून अधिक उजेड खाते. ग्रिलमध्ये चार महिने न वाळणारे कपडे लटकत असतात ते दोन तासांपुरते स्टँडवर आत घ्या आणि दहानंतर पुन्हा बाहेर टाका. काचेवरचं शेवाळं पुसणं हे औषधाच्या यादीत लिहिण्यासारखं काम आहे.

पाऊस थांबला असेल तर बाहेर चाला. मासुंदा तलावाची पाळ, उपवन, नेरूळचं ज्वेल, वाशीचा मिनी सीशोअर, खारघरचं सेंट्रल पार्क, जे जवळ असेल ते. मोकळं आकाश जितकं जास्त तितका उजेड जास्त. म्हणून गर्द झाडीच्या येऊरच्या रस्त्यापेक्षा तलावाचा काठ या कामाला बरा. छत्री काळी नको, पांढरी किंवा पारदर्शक घ्या. तीस मिनिटं आणि वेळ ठरलेली. चालण्याचा नैराश्यावर स्वतंत्र फायदा आहेच.

दिवा घ्यायचाच असेल तर

साधे बल्ब लावून हे होत नाही. ९ वॅटच्या एलईडी बल्बचे ८००-९०० ल्युमेन (बल्बमधून निघणारा एकूण उजेड) अर्ध्या मीटरवर हजार लक्ससुद्धा देत नाहीत, आणि अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ चौथाई होतो. प्रकाशोपचाराचा दिवा घेताना खोक्यावर ‘१०,००० लक्स’ एवढंच पाहू नका. किती अंतरावर, ते पाहा. स्वस्तातले छोटे दिवे तो आकडा दहा-पंधरा सेंटिमीटरवर देतात. म्हणजे नाक दिव्याला लावून बसायचं, आणि ते कोणी करत नाही. ४० ते ६० सेंटिमीटरवर १०,००० लक्स, पांढरा उजेड, अतिनील किरण गाळलेले, पटल निदान वहीच्या दोन पानांएवढं, असा हवा. आल्यावर फोनच्या ॲपने तपासा. दावा १०,००० चा आणि भरतात २,०००, असं निघालं तर परत करा.

दिवा डोळ्यांच्या किंचित वर, थोडा बाजूला. त्याच्याकडे टक लावायची नाही, डोळे मात्र उघडे हवेत. डोळे मिटून जप करत बसलात तर उपचार होत नाही, कारण काम डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींमार्फत होतं, कातडीमार्फत नाही. उठल्यापासून तासाभरात बसा. पहिले तीन दिवस पंधरा मिनिटं, मग तीस. रोज, रविवारीही. फरक बहुधा एक ते दोन आठवड्यांत दिसतो. चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर वेळ वाढवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

बिघडतं ते असं. डोकं दुखलं, डोळे ताणले तर दिवा दहा सेंटिमीटर मागे घ्या आणि वेळ थोडी वाढवा. रात्री झोप लागेनाशी झाली तर दिवा फार उशिरा लावताय, सकाळी अलीकडे ओढा. संध्याकाळी सहानंतर लावलात तर घड्याळ आणखी मागे पडतं आणि सकाळचं उठणं अधिक जड होतं. ‘ऑफिसातून आल्यावर निवांत बसते’ ही सर्वांत सामान्य चूक. पहाटे तीन-चारला आपोआप जाग येऊन पुन्हा झोप न लागणाऱ्यांनी सकाळच्या दिव्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि अचानक झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बोलण्याचा वेग वाढला, ऑनलाइन खरेदी सुटली, तर दिवा तिथेच बंद करा. ती बायपोलर आजाराची चढती बाजू असू शकते. घरात कोणाला हा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा सुरूच करू नये.

डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, किंवा मधुमेहाने पडदा बिघडला असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञ. काही औषधांनी उजेड बाधतो: मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन. पावसाळ्यात ही दुसरी गोळी घराघरांत येते म्हणून मुद्दाम लिहिलं.

ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत रात्रपाळी करणाऱ्यांना ‘सकाळी उजेड’ हा नियम जसाच्या तसा लागू नाही. पहाटे सुटून सातला घरी येणारीने दिव्यासमोर बसणं म्हणजे झोपेच्या तोंडावर कॉफी. तिने उजेड रात्रपाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावा, घरी येताना गाडीत गॉगल लावावा, खोलीला जाड पडदे लावावेत, आणि सुट्टीच्या दिवशी झोपेची वेळ दोन तासांहून जास्त हलवू नये. दर आठवड्याला कामाची पाळी बदलत असेल तर उजेडाचं कोणतंच वेळापत्रक नीट बसत नाही. तेव्हा आधी कामाची पाळी पक्की करून मागणं हाच उपाय. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते.

ताट आणि रक्ततपासणी

मोठ्या माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ४ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन पुरतं. ५५ किलोच्या बाईला २२० मिलिग्रॅम. एका अंड्यात साधारण ८०, पेलाभर दुधात १०० च्या आसपास, शिवाय डाळ, दाणे, तीळ. दोन वेळ वरण-भात-दही जेवणाऱ्या घरात त्याची तूट सहसा नसते, आणि जास्त खाल्ल्याने मेंदूत जास्त जात नाही. वेशीवर ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी रेटारेटी करावी लागते, आणि प्रथिनांच्या जेवणात तेच मागे पडतं. उलट पिठूळ-गोड खाल्ल्यावर इन्सुलिन इतरांना स्नायूंकडे हाकलतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. पावसाळ्यातल्या वडापावाच्या ओढीमागे काही संशोधक हेच कारण मानतात. तो परिणाम मात्र नाजूक असतो, जेवणात थोडी प्रथिनं आली तरी पुसला जातो. त्याच्या भरवशावर रोज तळण खाल्लं तर मिळतं ते वजन. सकाळच्या न्याहारीत अंडं, मूगडाळीचं धिरडं किंवा दही, आणि चारच्या भुकेला भाजलेले चणे-दाणे ठेवले की ओढ बरीच आटोक्यात राहते.

श्रावणात सोमवार, शनिवार, त्यात एकादशी धरणाऱ्यांनी एवढं पाहावं: साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. उपासाच्या ताटात दाण्याची आमटी, राजगिरा, दूध किंवा ताक हवंच.

लोहाची गोष्ट वेगळी, ती खरोखर कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. लोह नसेल तर सेरोटोनिनचा पहिला टप्पाच अडखळतो, शिवाय थकवा आहेच. जूनच्या आधी एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन १५ च्या खाली असू शकतं, म्हणजे कोठार रिकामं. अनेक डॉक्टर ३० च्या खालीही उपचार सुरू करतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते. चहा-कॉफीपासून तासभर, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर, लिंबूपाण्याबरोबर घ्या. काळी शी होणं नेहमीचं आहे, घाबरू नका. डी जीवनसत्त्वासाठी काचेआडचं ऊन कामाचं नाही, काच तो किरण अडवते. उपचाराचा दिवाही डी देत नाही.

औषधांबद्दल

सेरोटोनिनचा पंप अडवणारी औषधं, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे, ऋतुनैराश्यात चालतात. कॅनडात २००६ मध्ये १०,००० लक्सचा दिवा आणि २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन यांची आठ आठवडे तुलना केली, दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना सारखाच गुण आला. म्हणजे निवड सोयीची आणि तब्येतीची आहे, धैर्याची नाही. दिव्यासमोर रोज अर्धा तास बसणं ज्या घरात शक्यच नाही, तिथे गोळी अधिक प्रामाणिक उपाय ठरते. त्याच वर्षी अमेरिकेत ऋतुनैराश्य टाळण्यासाठी मंजूर झालेलं बुप्रोपिऑन तर सेरोटोनिनवर जवळजवळ काम करतच नाही. वर सांगितलेलं ‘समीकरण सरळ नाही’ ते यासाठीच.

गोळीचा गुण दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच होतं, कारण सेरोटोनिनचा मोठा साठा आतड्यातच आहे. जेवणानंतर घेतल्यास हे कमी होतं आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. या गोळ्यांनी प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन घटतं, त्यामुळे रक्तस्राव थोडा वाढू शकतो. पाळीत पोट दुखतं म्हणून मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, आणि पाळी जास्त जाऊ लागली तर तेही सांगा.

खरा धोका मिसळण्यात आहे, त्याने सेरोटोनिन बेसुमार वाढू शकतं. या गोळ्यांवर असताना ऑनलाइन मिळणारं ५-एचटीपी (सेरोटोनिनचा कच्चा माल) किंवा सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेऊ नका. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन डॉक्टरांना विचारूनच. पावसाळ्यात खोकल्याची बाटली प्रत्येक घरात असते, लेबल वाचा. अंग थरथरणं, खूप घाम, ताप, जुलाब, गोंधळल्यासारखं होणं एकत्र दिसलं तर थेट इस्पितळ.

गणपतीत ऊन पडलं, बरं वाटलं, म्हणून गोळी आपल्या मनाने थांबवू नका. एकदम थांबवल्यावर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं, रडू येणं हे दुखणं परतल्यासारखंच वाटतं. बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू, आणि वाईट ऋतूच्या तोंडावर कधीच नाही. दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर गोळीचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा.

बोलून होणाऱ्या उपचाराची, विशेषतः विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीची, एक जमेची बाजू आहे: पुढच्या ऋतूंत त्रास परतण्याचं प्रमाण त्याने दिव्यापेक्षा कमी राहिलेलं दिसलं आहे. त्यात दिवसाची कामं आधीच लिहून ठेवायला शिकवतात, मन होवो न होवो, वेळ झाली की करायची. पाऊस पडतोय म्हणून रद्द करणं, हा त्या आजाराचाच भाग असतो.

कुठे जायचं

लागोपाठ दोन आठवडे बहुतेक दिवस मन पडलेलं असेल, कामं अडत असतील, तर थांबू नका. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयात, जे १९०१ पासून आहे, बाह्यरुग्ण विभाग आहे. बाहेरच्या बाहेर दाखवून येता येतं, नावाला बिचकू नका. १९९० मध्ये ठाण्यातच सुरू झालेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था समुपदेशन आणि उपचार दोन्ही देते. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईकरांना वाशीचं पालिका रुग्णालय आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी १४४१६ किंवा ११२, आणि घरातल्या एकाला शेजारी बसवून.

डॉक्टरांकडे जाताना ती बारा महिन्यांची वही, पाळीच्या तारखा, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पानं न्या, आयुर्वेदिक धरून. दहा मिनिटांच्या भेटीत तोंडी सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

दिवा किंवा खिडकीचा दिनक्रम त्रास सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा असतो, म्हणजे इथे मेच्या शेवटच्या आठवड्यात. ग्रिलवर ताडपत्री बांधायला माणूस येतो तोही त्याच आठवड्यात. त्याला पूर्वेची खिडकी दाखवा आणि सांगा, ही उघडीच राहू दे.